विहिरीच्या तळाची काळी माती

मी सातवीत असताना आमच्या वाडीत नवी विहीर खणायला घेतली होती. वरचा जांभा फोडण्यातच दोन महिने गेले. ४० फुटांच्या आसपास एका दुपारी खालून हाक आली, "अण्णांनू, कोळसो गावलो!" आजोबांसकट सगळी वाडी काठावर जमली. टोपलीतून जे वर आले ते काळेकुट्ट, ओलसर आणि चिकट होते. त्यात कुजक्या लाकडाचे तपकिरी तुकडे होते आणि एका ढेपळावर तर पानाच्या शिरा ठसा मारल्यासारख्या उठल्या होत्या. चुलीत घालून पाहिले तर धूर फार, जाळ थोडा. कोणी म्हणाले, इथे पूर्वी खाडी असणार. कोणी म्हणाले, पांडवांच्या वेळचे रान गाडले गेले असेल. दोन दिवसांनी ती सगळी माती माडांच्या आळ्यांत गेली.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात जांभ्याखाली अशी काळी माती लागणे नवे नाही. रत्नागिरीजवळच्या अशा थरांची नोंद एकोणिसाव्या शतकातल्या भूवैज्ञानिकांनीही करून ठेवली आहे. कच्च्या कोळशासारख्या या पदार्थाला लिग्नाइट म्हणतात. तरीही दर उन्हाळ्यात कुठेतरी विहीर खणली जाते, काळे काहीतरी लागते, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला जातो: हे आले कुठून? त्याचे बरेचसे उत्तर त्या मातीतच असते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांमध्ये.

आधी नेच्याचे पान उलटून पाहा

पावसाळ्यात कोणत्याही जुन्या विहिरीत डोकावा. आतल्या चिऱ्यांच्या फटींतून हंसराज लोंबत असतो. हंसराज हा नेच्याचाच, म्हणजे फर्नचाच एक प्रकार. नेच्याला फूल येत नाही, फळ धरत नाही, बी होत नाही. मग तो वाढतो कसा? पिकलेले पान उलटून पाहिले की खाली तपकिरी ठिपके किंवा रेघा दिसतात. तिथून जी बारीक भुकटी झडते तिचा एकेक कण म्हणजे एकेक बीजाणू. तो वाऱ्यावर जातो, ओल मिळाली की रुजतो. गडग्यांवर चढणारी मखमली हिरवळसुद्धा बीजाणूंवरच पसरते आणि अळंब्यांचेही बीजाणू असतात.

फुलझाडांच्या परागकणाचे काम वेगळे. तो नराचा अंश घेऊन मादी फुलापर्यंत पोचतो आणि मग बी तयार होते. बीजाणू मात्र एकटाच नवे रोप सुरू करू शकतो. हा फरक लक्षात असू द्या, पुढे तो फार कामाला येईल.

दोघेही अतिशय लहान. बहुतेकांचा व्यास मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते विसाव्या भागाइतका, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. या जिवंत आणि जीवाश्म कणांच्या अभ्यासाला मराठीत परागविज्ञान म्हणतात.

चार लाडू एकमेकांना चिकटले की

एका मातृपेशीचे दोनदा विभाजन होऊन चार बीजाणू तयार होतात, आणि काही काळ ते एकमेकांना चिकटून असतात. चार ओले बुंदीचे लाडू घ्या. तीन खाली आणि त्यांच्या खळगीत चौथा वर. आता सगळे हलकेच दाबून सुटे करा. प्रत्येक लाडवावर इतर तिघांच्या दाबाचे तीन सपाट डाग दिसतील आणि ते डाग जिथे भिडतात तिथे तीन रेघा एका बिंदूत मिळतील. बीजाणूवर नेमकी हीच तीन पायांची खूण राहते. काही नेच्यांत चौघांची मांडणी वेगळी असते, तिथे एकच सरळ रेघ उमटते.

सूक्ष्मदर्शकाखाली ही खूण म्हणजे जन्मदाखलाच. त्याशिवाय कणाचा आकार, कवचावरचे काटे, जाळी, खड्डे, भोके यांवरून कोणत्या कुळातली वनस्पती ते ओळखता येते. परागकणांत ही विविधता आणखी मोठी आहे. जास्वंदीचा कण काटेरी गोळा, तर गवताचा कण गुळगुळीत आणि त्याला एकच गोल भोक.

हे कुजत कसे नाही?

मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. पान कुजते, लाकूड कुजते, हाडही कालांतराने विरघळते. या धुळीच्या कणाचे कवच मात्र कोट्यवधी वर्षे टिकते. ते ज्या पदार्थाचे असते त्याचे नाव स्पोरोपोलेनिन. सजीवांनी बनवलेल्या सगळ्यांत चिवट पदार्थांत त्याची गणना होते. बीजाणूला उन्हात, वाऱ्यात, कोरड्या हवेत तग धरायचा असतो, म्हणून निसर्गाने त्याला हे चिलखत दिले. आतला जीव मरून जातो, चिलखत उरते.

पण या चिलखताचा एक शत्रू आहे: हवा. ऑक्सिजन सतत मिळत राहिला तर तेही झिजून नाहीसे होते. म्हणूनच आपल्या लाल जांभ्यात बीजाणू जवळजवळ मिळत नाहीत. जांभा मुळात झाला तोच खडकावर ऊन, पाऊस आणि हवेने लाखो वर्षे मारा केल्यामुळे. लोखंड गंजून लाल झाले आणि त्यासोबत असे सगळे नाजूक पुरावे गेले. खाडीच्या चिखलात उलटे घडते. कांदळवनात पाय रुतला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास सांगतो की खाली हवा पोचत नाही. कैरीच्या फोडींवर तेल चढले की लोणचे टिकते, तसेच इथे पाणी आणि बारीक गाळ हवेला बाहेर ठेवतात. आमच्या विहिरीतली माती काळी होती ती याच कारणाने.

दगडातून कण बाहेर काढायचा कसा?

त्या चिवटपणाचाच उपयोग करून. मातीचा वा दगडाचा नखाएवढा तुकडा कुटतात आणि आम्लात टाकतात. हायड्रोक्लोरिक आम्लाने चुन्याचा भाग जातो. उरलेली वाळू आणि चिकणमाती हायड्रोफ्लुओरिक आम्लात विरघळते. हे आम्ल काचेलाही खाते, म्हणून ते प्लास्टिकच्या भांड्यात ठेवावे लागते. माणसाच्या हाडापर्यंत पोचणारे हे रसायन आहे, त्यामुळे हे काम सुसज्ज प्रयोगशाळेतच होते. इतका मारा होऊनही तळाशी जे चिमूटभर उरते त्यात बीजाणू आणि पराग असतात. ते काचपट्टीवर घेऊन शेकड्यांनी मोजायचे: नेचे किती, कांदळ किती, गवत किती.

मोजणीची एक युक्ती मला फार आवडते. तांदळाच्या पोत्यात मोजून १०० वाटाणे मिसळले आणि नीट ढवळून काढलेल्या वाटीत २ वाटाणे आले, तर वाटीत पोत्याचा पन्नासावा भाग आहे हे कळते. संशोधकही नमुन्यात ठरावीक संख्येचे परके बीजाणू मुद्दाम घालतात. बहुधा ते लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे असतात आणि त्यांच्या मोजलेल्या गोळ्याच मिळतात. काचपट्टीवर त्यातले किती दिसले यावरून मूळ मातीत एकूण किती कण होते याचा हिशेब लागतो.

मग रत्नागिरीच्या काळ्या थरात काय निघाले?

रत्नागिरीच्या लिग्नाइटचा आणि सिंधुदुर्गातल्या तशाच थरांचा अभ्यास गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत झाला. त्यात नेच्यांचे बीजाणू निघाले, कवकांचे बीजाणू निघाले आणि फुलझाडांचे परागही. हे थर मायोसीन काळातले मानले जातात. हा काळ साधारण २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा. पांडवांच्या कितीतरी आधीचा, माणूस नावाचा प्राणीच नव्हता तेव्हाचा.

त्यात निपा नावाच्या पामच्या खुणा आहेत, आणि मला त्या फार बोलक्या वाटतात. निपाचे खोड चिखलात आडवे असते आणि झावळ्या सरळ पाण्यातून वर आल्यासारख्या दिसतात. आज भारतात ती सुंदरबन आणि अंदमानकडे वाढते. सुंदरबनात तिला गोलपाता म्हणतात आणि आपण माडाच्या झावळ्यांनी शाकारतो तशी तिच्या पानांनी घरे शाकारतात. तिला गोडे आणि खारे असे मिसळलेले पाणी लागते, भरती-ओहोटी लागते, उष्ण आणि दमट हवा लागते. आज कोकणातल्या खाड्यांत ती नैसर्गिकपणे आढळत नाही. पण एकेकाळी ती इथे होती. म्हणजे ज्या जागी आज जांभ्याचा उघडा सडा तापतो, तिथे कधीकाळी भरतीचे पाणी खेळत होते. "इथे पूर्वी खाडी असणार" असे काठावरून बोलणारा वाडीतला माणूस बरोबर होता, याचा मला आजही आनंद वाटतो.

"पण वाऱ्याने कुठूनही उडून येतात ना?"

ही शंका रास्त आहे. पराग शेकडो किलोमीटर जाऊ शकतो, तेव्हा एका कणावरून कोणी रान उभे करत नाही. संख्या पाहतात, सोबत काय आहे ते पाहतात. निपाचे कण, पानाच्या त्वचेचे अवशेष आणि चिखलाचा थर ही सगळी एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात तेव्हा भरवसा धरता येतो.

आणखी एक अडचण आहे. सगळी झाडे सारखे पराग सोडत नाहीत. वाऱ्यावर विसंबणारी झाडे ढिगाने पराग उधळतात. आंब्याचे परागीकरण मुख्यतः माश्या आणि किडे करतात, त्यामुळे आमराईच्या शेजारच्या गाळातही आंब्याचे कण थोडेच सापडतात. म्हणून आजच्या रानाखालची माती तपासून आधी अंदाज घेतात: इतकी झाडे असली की इतके कण येतात. मग तोच माप जुन्या थराला लावतात. गवतांच्या बाबतीत तर हात टेकावे लागतात, कारण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली भाताचा कण आणि रानगवताचा कण सहजी वेगळा काढता येत नाही. कोकणात भातशेती कधी सुरू झाली हे नुसत्या परागांवर सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

वयाचे काय? ५० हजार वर्षांपर्यंतच्या गाळातल्या काडीकचऱ्यावर कार्बनची कालमापन पद्धत चालते. त्याहून जुन्या थरांसाठी जवळच्या ज्वालामुखी खडकाचे वय काढतात, किंवा ज्यांचे वय पक्के माहीत आहे अशा थरांतल्या कणांशी तुलना करतात. काही बीजाणू ठरावीक काळातच आढळतात. जुन्या नाण्यावरचा राजा ओळखला की जमिनीतल्या हंड्याचा काळ कळतो, तसेच हे.

राखेवर पहिले कोण उगवते?

आता बीजाणू आणि पराग यांच्यातला तो फरक आठवा. घाटात दरड कोसळून लाल माती उघडी पडली की पुढच्या पावसाळ्यात तिथे नेचे आधी दिसू लागतात. बीजाणूला मधमाशी लागत नाही, जोडीदार झाड जवळ असावे लागत नाही. वारा आणि ओल पुरते. १८८३ मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआ बेटावर ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. तीन वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ तिथे उतरले तेव्हा त्या राखेवर नेच्यांचेच राज्य होते.

हीच गोष्ट ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर घडली. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अशनी आदळली आणि डायनोसॉर संपले. उत्तर अमेरिकेत, न्यू मेक्सिकोच्या परिसरातल्या खडकांत या आघाताची पातळ रेघ आहे. रेघेखाली फुलझाडांचे पराग भरपूर. रेघेच्या लगेच वर काही सेंटिमीटर मात्र जवळपास सगळे नेच्यांचे बीजाणू. मग हळूहळू पुन्हा फुलझाडे. जंगल होरपळून गेले आणि त्या उजाड जमिनीवर नेचे पसरले, हे दृश्य कोणी पाहिले नाही, पण धुळीने ते लिहून ठेवले.

त्याच सुमारास आपल्याकडे दख्खनचा लाव्हा उसळत होता. सह्याद्रीतले काळे थर त्याचेच. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचत, त्यांत गाळ बसे आणि मग वरून नवा लाव्हा येई. मुंबईत वरळीला अशा मधल्या थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले, त्यांचे वर्णन १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडच्या अशाच थरांत अ‍ॅझोलाचे जीवाश्म मिळाले आणि वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये त्याला नाव दिले. अ‍ॅझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारा इवलासा नेचा. आज आपले शेतकरी भाताच्या खाचरात नत्रासाठी तोच सोडतात. लाव्हाच्या मधल्या तळ्यांवरही तो तरंगत होता.

अ‍ॅझोलाची आणखी एक कथा उत्तर ध्रुवाकडची. २००४ मध्ये आर्क्टिक समुद्राच्या तळाला भोक पाडून गाळाचा लांबच लांब गाभा काढला. त्यात सुमारे ४ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीच्या काही मीटर जाडीच्या थरात अ‍ॅझोलाच्या बीजाणूंचा खच सापडला. हा नेचा गोड्या पाण्यातला. म्हणजे त्या काळी आर्क्टिक समुद्राच्या पृष्ठभागावर गोड्या पाण्याची साय पसरलेली असायची आणि तिथली हवाही बरीच उबदार होती. समुद्राच्या तळातून निघालेल्या कणांनी हे सांगितले.

आणि अगदी सुरुवातीचे पान? जमिनीवरच्या वनस्पतींचे ओळखता येतील असे सर्वांत जुने अवशेष म्हणजे बीजाणूच. ते सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे. खोडासकट जपली गेलेली पहिली चिमुकली झाडे त्यानंतर जवळपास ४ कोटी वर्षांनी दिसतात.

आपल्या पावसाशी याचा संबंध काय?

थेट संबंध आहे. कारवारसमोरच्या समुद्रातून गाळाचे गाभे काढून त्यातले पराग मोजले गेले आणि त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ३,५०० वर्षांपूर्वीपासून खारफुटीचे आणि सदाहरित जंगलाचे कण कमी होत गेले आणि मोकळ्या, गवताळ रानाचे वाढले. संशोधकांनी त्याचा अर्थ लावला की हवा पूर्वीपेक्षा कोरडी झाली.

माणसाने जंगल तोडले म्हणून असे झाले नसेल कशावरून? ही शंका मलाही आली होती. इथे खारफुटीची साक्ष महत्त्वाची ठरते. डोंगरावरचे रान कुऱ्हाडीने जाऊ शकते. पण कांदळ, तिवर, चिपी यांना भरतीबरोबरच नदीचे गोडे पाणी लागते. पाऊस घटला की नदी बारीक होते, खाडी जास्त खारट होते आणि खारफुटी मागे हटते. डोंगर आणि खाडी दोन्हीकडे एकाच वेळी उतार दिसला तर पावसाकडे बोट जाते. माणसाचा वाटा त्यात मुळीच नव्हता असे मात्र यातून सिद्ध होत नाही.

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या खारफुटीचा असाच अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनीही केला आहे. ही संस्था ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ मध्ये मालवणात जन्मले, हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

मोसमी पावसाच्या मोजमापाच्या नोंदी आपल्याकडे दीड-दोनशे वर्षांच्याच. पुढे पाऊस कसा वागेल याचा अंदाज बांधणाऱ्यांना हजारो वर्षांचा इतिहास हवा असतो, आणि तो पर्जन्यमापकात मिळणार नाही. तो खाडीच्या गाळात आहे.

खोबरे भाजताना रंग बदलतो तसे

एक उपयोग थेट पैशाचा. वाटणासाठी खोबरे भाजताना रंगावरून कळते ना, आता पुरे म्हणून? पांढरे, मग सोनेरी, तपकिरी आणि चुकलेच तर काळे. जमिनीत खोल गाडलेले बीजाणूही उष्णतेने असेच पिवळ्याचे तपकिरी आणि मग काळे होतात. गाळातल्या जैविक पदार्थापासून खनिज तेल बनायला ठरावीक उष्णता लागते. बीजाणू अजून फिके पिवळे असतील तर तेल "शिजलेले" नाही आणि काळे पडले असतील तर करपून गेले. मधला तपकिरी रंग दिसला की आशा. १९७४ मध्ये तेल लागलेले मुंबई हाय आपल्याच किनाऱ्यासमोर आहे. जगभर तेल शोधताना थरांचे वय आणि त्यांनी सोसलेली उष्णता जोखायला हे कण वापरतात. खोदकामातून येणारी दगडाची चूर त्यासाठी पुरते. तेवढ्या चुऱ्यात अख्खे पान कुठून मिळणार, बीजाणू मात्र हजारोंनी मिळतात.

विहिरीत काळी माती लागली तर

गंमत म्हणून नव्हे, कळकळीने सांगतो: सगळी फेकू नका. नारळाएवढे एक ढेपूळ आतल्या बाजूने, वरची माती न लागू देता काढा. ओले असतानाच स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, कारण सुकले आणि हवा लागली की बिघडायला सुरुवात होते. हाताळताना आसपास मोहोर झडत असेल तर जास्त जपा, आजचे पराग आत शिरले तर सगळा हिशेब चुकतो. जागा, तारीख आणि किती फुटांवर मिळाले ते लिहा. वर जांभा किती आणि मधे पांढरी किंवा पिवळी शेड, म्हणजे जांभ्याखालची मऊ चिकणमाती, किती, तेही लिहा. खोलीची नोंद नसलेले ढेपूळ म्हणजे पान क्रमांक नसलेला फाटका कागद. मग जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या किंवा भूशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.

खाड्यांबाबत मला जास्त काळजी वाटते. विहिरीचा थर निदान जांभ्याखाली सुरक्षित आहे. कांदळवनात भराव पडतो, पात्रातून गाळ उपसला जातो, तेव्हा हजारो वर्षांचे थर एका दिवसात कालवले जातात. कालवलेल्या गाळातले बीजाणू लगेच कुजत नाहीत, पण त्यांचा क्रम जातो. आधी काय आणि नंतर काय हे मग कोणालाच सांगता येत नाही.

यंदा एप्रिलमध्ये शेजारच्या वाडीत विहीर खणायला घेतली. खणणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवले होते. ४३ फुटांवर काळे लागले तसे त्यांनी मला हाक मारली. ढेपूळ बांधून पिशवीवर तारीख, वाडीचे नाव आणि खोली लिहिली. उरलेली माती यंदाही माडांच्या आळ्यांत गेली.